टिटवाळ्याचे तीन गुंठे

माझे अण्णा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वे वसाहतीतल्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहायचो, पण ड्यूटी संपली की अण्णा घरी थांबायचे नाहीत. रुळांच्या कडेला त्यांना जमिनीचा एक पट्टा मिळाला होता, तिथे जायचे. माठ, मुळा, भेंडी, चवळी. उंच वाढणारं काही लावायचं नाही, गाडी चालवणाऱ्याला सिग्नल दिसलाच पाहिजे, असं ते आम्हा मुलांना बजावून सांगायचे. पेरणीच्या आधी वहीच्या मधल्या पानावर पट्ट्याचा नकाशा काढायचे आणि त्यात पहिली खूण करायचे ती पाण्याची. पाणी येणार कुठून, जाणार कुठे. पिकांची नावं त्यानंतर.

रुळांलगतची मोकळी जागा रेल्वेनं आपल्याच कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी द्यायची, ही जुनी पद्धत. तिला ‘अधिक धान्य पिकवा’ हे नाव मिळालं ते युद्धकाळातल्या सरकारी मोहिमेवरून. बंगालचा दुष्काळ पडला त्या 1943च्या सुमारास ती मोहीम देशभर सुरू झाली. ठाणे ते कल्याण लोकलच्या दारात उभं राहून ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांनी हे हिरवे पट्टे पाहिलेले आहेत. त्या भाजीबद्दल लोकांच्या मनात शंका असते आणि ती खरी आहे, कारण अनेक ठिकाणी वाफ्यांना पाणी जायचं ते नाल्याचं. अण्णांनी ते कधी घेतलं नाही. दोन डबे कावडीला लावून ते विहिरीवरून पाणी आणायचे आणि जेवढं पाणी आणता येईल तेवढीच जागा लावायचे. उरलेली पडीक राहायची.

मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. डोंबिवलीत राहते. गेली काही वर्षं आम्ही पाच घरं मिळून टिटवाळ्याजवळ तीन गुंठ्यांत भाजी पिकवतो. आम्हालाही करायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं अनेकजण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इंग्लंडमध्ये शहरातल्या माणसाला असा तुकडा मागता येतो. तिथल्या 1908च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर तशी जबाबदारीच टाकली आहे. तिथला ठरलेला तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. जर्मनीत तर लाइपझिगपासून सुरू झालेल्या अशा बागांच्या वसाहती शहराशहरांच्या कडेला आहेत. आपल्याकडे शहरातल्या माणसाची वाट अवघड आहे. 1948च्या कूळ कायद्यानुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. भाड्यानं मागायला जावं तर मालकाच्या पोटात गोळा येतो, उद्या हे कूळ म्हणून लागले तर? ही भीती पिढ्यांची आहे, तिचा राग धरू नये. आम्ही मार्ग काढला तो असा: शेत मालकाचं, सातबारा त्यांचा, पीक त्यांच्याच नावावर. आम्ही हंगामाचे पैसे देतो, हातानं काम करतो आणि भाजी घेऊन येतो. तुम्ही कराल तेव्हा वकिलाला विचारून कागद करा. पण कागदाच्याही आधी त्या घरात दोन-चार वेळा जाऊन बसा, चहा घ्या, त्यांचं ऐका.

आमचे मालक आगरी. त्यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही म्हणतो. पहिल्या दिवशी मी बियांच्या पाकिटांची पिशवी घेऊन गेले होते. तात्यांनी ती बाजूला ठेवली. “ताई, बी कुठं पळून जात नाही. एक पावसाळा नुसतं बघा, पाणी कुठं साचतं ते.”

मी ऐकलं नाही. मे महिन्यात टोमॅटो आणि मिरचीची रोपं केली, जूनच्या शेवटी लावली. जुलैत चार दिवस सलग पाऊस पडला आणि पाणी दीड दिवस वाफ्यांत उभं राहिलं. रोपं आधी पिवळी पडली, मग बुंध्याशी कुजून आडवी झाली. सगळी गेली. शेताच्या वरच्या अंगाला, बांधाच्या कडेला तात्यांच्या घरच्यांनी दोडक्याचे आणि पडवळाचे वेल मांडवावर चढवले होते. त्यांना काही झालं नाही.

ठाणे जिल्ह्यात भाजीचं नियोजन म्हणजे मुळात पाण्याचं नियोजन, हे मला तेव्हा उमगलं. आकड्यांत सांगते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो. तीन गुंठे म्हणजे तीनशे चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे आमच्या एवढ्याशा तुकड्यावर चार महिन्यांत साडेसात लाख लिटर पाणी कोसळतं, आणि नंतरचे आठ महिने जवळजवळ थेंब नाही. पुण्या-नाशिककडची वेळापत्रकं इथे चालत नाहीत ती यामुळे. पुस्तकात ‘खरीप टोमॅटो’ लिहिलेलं असतं ते घाटावरच्या उघडिपीच्या पावसासाठी.

जागा बघताना म्हणून तीन गोष्टी बघा. पहिली, उतार. भातखाचर स्वस्तात मिळतं, पण भाताची जमीन पाणी धरण्यासाठीच बांधलेली असते. माती चिकट, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. भाजीला बांधावरची, थोडी उंच, मुरमाड-तांबूस जमीन बरी. दुसरी, नदी किती जवळ. 2019च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे काळू नदीचं पाणी त्या पावसात खालच्या बांधापर्यंत आलं होतं. तुकडा नदीकाठी असेल तर 2005च्या 26 जुलैला पाणी कुठवर होतं, हे गावात विचारा. म्हातारी माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, उन्हाळ्यातलं पाणी कुठलं. वालधुनीसारख्या नदीचं किंवा कारखान्यांच्या बाजूनं येणाऱ्या नाल्याचं पाणी कितीही जवळ आणि फुकट असलं तरी घेऊ नका. जड धातू पालेभाज्या पटकन शोषतात आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. दिवा-मुंब्र्याच्या खाडीकडच्या बाजूला खारेपणाही बघावा लागतो.

आता मांडणी. आम्ही प्रत्येक घराला पाचशे चौरस फूट दिले, वीस बाय पंचवीस. उरलेली जागा सामाईक: केळी, शेवगा, कंपोस्टचा खड्डा, पाण्याची टाकी. पाचशे फुटांत चार बाय नऊचे आठ वाफे बसतात. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाय पडला की माती दबते आणि मुळं गुदमरतात. मधल्या वाटा दीड फुटाच्या. हिशेब केला तर निम्म्याहून थोडी जास्त जागाच पिकाला मिळते. वाटा अरुंद करायचा मोह होतो, करू नका. पावसात घमेलं घेऊन चालायचं असतं.

वाफ्याचा आकार मात्र वर्षातून दोनदा बदलायचा, हे तात्यांनी शिकवलं. मे महिन्यात माती ओढून फूटभर उंचीचे गादीवाफे करायचे, लांबी उताराच्या दिशेला, शेवटी सगळ्या वाटांचं पाणी घेणारा एक चर. ऑक्टोबरात पाऊस परतला की तेच वाफे मोडून सपाट करायचे आणि कडेनं बोटभर वरंबा घालायचा, म्हणजे दिलेलं पाणी आत राहतं. पावसाळ्यात वाफ्यानं पाणी टाकायचं, हिवाळ्यात धरायचं. काम अंगमेहनतीचं आहे, दोन रविवार जातात. पण यानं जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही खतानं पडलेला मी पाहिला नाही.

हिवाळ्यात भाजीला रोज एका चौरस मीटरला चार-पाच लिटर पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये सहा-सात. आठ वाफे म्हणजे सत्तावीस चौरस मीटर. हिवाळ्यात एका घराला रोजचे सव्वाशे लिटर धरा. वाफ्यावर पेंढा किंवा वाळला पाला तीन बोटं जाड अंथरला की गरज बरीच उतरते. उन्हाळ्यात आम्ही आठातले तीनच वाफे चालू ठेवतो. अण्णांचा नियम.

काय लावायचं, ते इथे येतं. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की वेल: दोडकं, पडवळ, कारलं, काकडी, घोसाळं, सगळं मांडवावर. मांडव बांबूचा, सहा फूट, आणि तो मे महिन्यातच उभा पाहिजे. वेल वाढल्यावर मांडव घालायला गेलात तर मुळं तुटतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या पावसासाठीच निवडलेले आहेत: दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, कारल्यात कोकण तारा. भेंडीला पानं पिवळी करणारा विषाणूरोग फार छळतो, म्हणून सुरुवात परभणी क्रांतीनं करा. पाणथळ कोपऱ्याशी भांडू नका, तिथे अळू लावा. पावसाळ्यात पालेभाजी फार लावू नये असं माझं मत आहे. थेंबांनी माती उडून पानं खराब होतात. शिवाय त्या महिन्यांत कल्याण-डोंबिवली स्टेशनबाहेर आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन बसतात. ती भाजी घ्या. आपल्या वाफ्यात तशी होत नाही आणि तो त्यांचा हंगाम आहे.

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं सप्टेंबरात पत्र्याच्या आडोशाला करायची आणि ऑक्टोबरात लावायची. नोव्हेंबरपासून पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर, लाल माठ. इथे नवीन माणूस हमखास चुकतो: पाकीट फोडलं की सगळं पेरतो. महिन्यानं घरात दोन टोपल्या माठ आणि पुढे काही नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा वाफा पेरा. भेंडीची वीस झाडं चौघांच्या घराला पुरतात.

आणि वाल. कडव्या वालाबद्दल मी आवर्जून सांगते, कारण हे आपल्याच भूमीचं शहाणपण आहे. भात कापलं की खाचरात जो ओलावा उरतो, त्याच्यावर वाल टाकतात. वरून पाणी नाही. पहाटेचं दव आणि जमिनीतली ओल एवढ्यावर ते वाढतात आणि मातीला नत्र देऊन जातात. आमच्या तुकड्याला लागून तात्यांचं खाचर आहे. त्यातला एक पट्टा ते आम्हाला देतात आणि नोव्हेंबरात आम्ही पाचही घरं मिळून पेरतो. जानेवारीच्या शेवटी शेंगा भरल्या की त्याच शेतात मडकं उपडं ठेवून भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटी लावतो. त्या रात्री आमची नातवंडं तिथे असतात.

फळझाडांत घाई नको. शेवगा सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो. केळी टाकीच्या सांडव्याजवळ लावली, ती आनंदात आहेत. पपईनं दोनदा निराश केलं. तिच्या मुळांना साचलेलं पाणी एक दिवसही सोसत नाही. तिसऱ्यांदा दोन फूट उंच ढिगावर लावली, आता फळ धरते आहे. लिंबू आणि कढीपत्ता कडेला. आंबा लावू नका, पाच वर्षांत त्याची सावली तुमचे वाफे खाईल.

किडींसाठी आम्ही दोनच गोष्टी करतो: वेलांना फळमाशीचे कामगंध सापळे, आणि पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून फवारणी. मावा याच्यावर आटोक्यात राहतो.

गच्चीचं काय, असं ठाण्याचे लोक विचारतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली आणि शेकडो लोकांना शिकवलं. तो मार्ग चांगलाच आहे. पण तो मातीचा नाही, पालापाचोळ्याच्या हलक्या कंपोस्टचा आहे. फूटभर ओली माती एका चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि वावरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दीडशे किलोचा आहे. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींवर मातीचे वाफे घालण्याआधी अभियंत्याला वर न्याच.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची पूर्ण गरज भागवण्याचं गणित मांडत असत. आमच्या पाचशे फुटांत ते होत नाही. आमच्या घरची हिवाळ्यातली बहुतेक भाजी तिथून येते, पावसाळ्यातली निम्मी, मे महिन्यात कढीपत्ता आणि थोडी भेंडी. तिथवर पोचायला आम्हाला तीन वर्षं लागली. पाचांतली दोन घरं मध्ये गळाली, कारण डोंबिवलीहून टिटवाळा आठवड्यातून तीनदा जमेना. त्यांच्या जागी टिटवाळ्यातलीच दोन घरं आली. घरापासून अर्ध्या तासापलीकडची जागा घेऊ नका, असं आता मी सगळ्यांना सांगते.

तुमच्या मनात एखादा तुकडा असेल तर येत्या जुलैत, चांगला जोराचा पाऊस लागलेला असताना, छत्री आणि वही घेऊन तिथे जा. तासभर उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून निघून जातं, ते कागदावर काढा. बियांची पाकिटं घरी ठेवा.