शेवटच्या कडव्याला पाय उचलायचा

शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

नागपूरजवळच्या वाडीहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: तिकडे म्हणे कुणी कुणाकडे जात नाही? बरंचसं खरं आहे. दत्तवाडीत मागच्या दारानं शिरून ‘काकू, विरजण आहे का?’ विचारणारी पोरं जिनं पाहिली आहेत, तिला इथली आधी मेसेज आणि मग भेट ही शिस्त पचायला वेळ लागतो. आमच्या समोरचे आजोबा हात हलवतात, पाऊसपाण्याचं बोलतात आणि गराजचं दार खाली ओढतात. पण त्या गराजमध्ये ते काय करतात हे विचारा, मग माणूस खुलतो. कुणी लाकडाची बदकं कोरतो, कुणी जुन्या ट्रकचं इंजिन उघडून बसलेला, कुणाचं टेबलभर आगगाडीचं गाव. नाताळाच्या सुमारास भल्या पहाटे दुर्बिणी घेऊन पक्षी मोजायला निघणारी मंडळी आहेत. ही मोजणी १९०० सालापासून चालू आहे. चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या बैठका भरतात, आणि त्यांचे टाके पाहून माझ्या आजीनंही मान डोलावली असती. इथल्या माणसाच्या घरात शिरायचं तर पगार, गाव, नातं-गोतं विचारून काही हाती लागत नाही. छंदाच्या वाटेनं जावं लागतं.

आमच्या मुलखात त्यातली सगळ्यात रुंद वाट ब्लूग्रास या तारवाद्यांच्या संगीताची.

ऐकायला हे संगीत शेकडो वर्षांचं वाटतं, पण त्याचं वय आपल्या आजोबांएवढंच. केंटकीतल्या रोझिन गावाजवळ १९११ साली जन्मलेला बिल मन्रो हा त्याचा जनक मानला जातो. भाऊ चार्लीबरोबर त्यानं पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते आमच्या शार्लटमध्ये, १९३६ साली. मग भावाभावांचं बिनसलं. मन्रोनं ‘ब्लू ग्रास बॉइज’ नावाचा आपला ताफा काढला आणि १९३९ मध्ये नॅशविलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात जागा मिळवली. त्याच्या ताफ्याचं नाव पुढे त्या संगीतालाच चिकटलं. हातात मँडोलिन. आपल्याकडे सज्जाद हुसेन यांनी फिल्मसंगीतात वाजवलं आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये शाहरुखनं खांद्यावर मिरवलं, तेच वाद्य, पण मन्रो ते असं वाजवी की ढोलकीची उणीव भासू नये. त्याचं १९२३ सालचं गिब्सन मँडोलिन फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात सापडलेलं. १९८५ मध्ये कुणीतरी घरात घुसून त्याच्या चिरफळ्या उडवल्या. कंपनीच्या कारागिरांनी एकेक ढलपी जोडून ते परत उभं केलं आणि म्हातारा पुन्हा त्यावरच वाजवू लागला.

तरीही ब्लूग्रासला आजचा वेग मिळाला तो डिसेंबर १९४५ मध्ये, एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्या ताफ्यात आला तेव्हा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींना नख्या चढवून तो बॅन्जोवर सुरांची अशी सर सोडी की एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसू नये. तिन्ही बोटांनी वाजवणारे या भागात आधीही होते. स्क्रग्जनं त्याला सफाई आणि दम दिला. स्क्रग्जचं शेल्बी गाव इथून पश्चिमेला गाडीनं तासाभरावर आहे. तिथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत २०१४ पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. जायला हरकत नाही, पण मला त्याहून बोलका वाटतो तो त्याचा गिरणीतला काळ. दुसऱ्या महायुद्धात स्क्रग्ज शेल्बीच्या दोऱ्याच्या गिरणीत कामाला होता. हा सगळा मुलूखच कापसाचा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात इथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. इथेही गावोगाव गिरण्या उठल्या. डोंगरातली आणि शेतावरची माणसं मालकाच्या घरांत राहायला आली, आणि पाळी सुटली की ओसरीवर तारा छेडत बसली. विसाच्या दशकात रेकॉर्डी गाजवणारा चार्ली पूल हा बॅन्जोवाला त्यांतलाच.

बॅन्जो म्हटल्यावर आपल्याकडे वरातीतला, टाइपरायटरसारख्या बटणांचा बेंजो डोळ्यांपुढे येतो. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोत आहे. त्याचा या बॅन्जोशी संबंध नाही. इथल्या बॅन्जोला डफासारखं ताणलेलं गोल तोंड, लांब मान आणि पाच तारा. पाचवी आखूड, तिची खुंटी मानेच्या मध्यावरच. हे वाद्य मूळचं गोऱ्यांचं नाहीच. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून ते या खंडात घडवलं. मन्रो पोरवयात ज्यांच्या मागे मागे वाजवायला जाई, त्यांत आर्नोल्ड शुल्ट्झ हा काळा वादक होता, आणि मन्रोनं ते ऋण उघड मान्य केलं. आज मात्र बैठकीत नजर फिरवली तर एखाद-दुसराच काळा चेहरा दिसतो. ग्रीन्सबरोच्या रियानन गिडन्सनं आणि तिच्या सोबत्यांनी जो थॉम्पसन या वयोवृद्ध काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन जुन्या चाली शिकून घेतल्या. ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ या त्यांच्या ताफ्याला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. तेव्हापासून हा विषय निघतो तरी. माझ्या गुरुवारच्या बैठकीत तो निघाला की काही जण वाद्य सुरात घ्यायच्या निमित्तानं मान खाली घालतात, हेही सांगितलं पाहिजे.

तर ही गुरुवारची बैठक. गावच्या अग्निशमन दलाचा हॉल. हे दल स्वयंसेवकांचं, म्हणजे तोही एक छंदच. घडीच्या खुर्च्या ज्यानं त्यानं आणायच्या. विजेच्या खांबांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले आजोबा उभ्या बेसवर, शाळेतल्या नर्सबाई फिडलवर, एक ट्रकवाला, एक बँकेतला मोठा साहेब. कोण काय करतो हे मला फार उशिरा कळलं, कारण ते कुणी विचारतच नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर घरून आणलेले डबे: मक्याचा पाव, बीन्स, आणि माझे पोहे, जे आता पहिले संपतात.

नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडले की कळतं. गोलात बसायचं. ज्याची पाळी, त्यानं गाणं निवडायचं आणि पट्टी सांगायची. तो एक कडवं गाणार, मग शेजाऱ्याकडे बघून मान हलवणार. शेजाऱ्याला हवं तर त्यानं त्या कडव्यापुरतं वाजवायचं, नको असेल तर मान हलवून पुढे द्यायचं. ना हसणं, ना कारण विचारणं. एकाचं वाजणं चालू असताना बाकीच्यांनी आवाज खाली घ्यायचा. नवशिक्यांनी बाहेरच्या रांगेत बसून हळू वाजवायचं. विजेवरची वाद्यं चालत नाहीत. आणि शेवटचं कडवं आलं की गाणाऱ्यानं एक पाय पुढे उचलून धरायचा. तो पाय दिसला की सगळे एका ठोक्यावर थांबतात. कधीच एकत्र न वाजवलेली दहा-बारा माणसं असं थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चाटच पडले.

वाडीहून अमरावती रोड धरला की पुढे मोझरी लागते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या भजनावर आम्ही वाढलो. तिथे एक बुवा म्हणतो आणि बाकीचे झेलतात. आवाज सगळ्यांचा मिळून एक. इथे प्रत्येकाला एका फेरीपुरतं बुवा व्हायला मिळतं, आणि लगेच उतरायचंही असतं. या देशाबद्दल दहा पुस्तकं वाचून जे उमगलं नव्हतं ते या गोलात बसल्यावर उमगलं: माणसं आपल्या पाळीबद्दल फार हळवी आहेत, आणि दुसऱ्याच्याही. चौकात चारी बाजूंनी गाड्या येऊन थांबतात तेव्हाही हेच चालतं.

मोठे मेळेही भरतात. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला १९३५ पासून फिडलवाल्यांच्या स्पर्धा होतात; विल्क्सबरोला १९८८ पासून एप्रिलअखेर मर्लफेस्ट, अंध गिटारवादक डॉक वॉटसनच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ. जाणकार मात्र मंचापुढे फारसे थांबत नाहीत. खरं वाजवणं गाड्यांच्या तळावर, तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत, रात्री उशिरापर्यंत.

गेल्या वेळी वाडीला गेले होते तेव्हा वडिलांची खंजिरी घेऊन आले. बेसवाल्या आजोबांना हळूच विचारलं, गुरुवारी आणू का? ते म्हणाले, ताल मँडोलिन देतं, चामडं वाजवायचं नाही. मी वाद घातला. बेला फ्लेक हा तुमचाच बॅन्जोवाला. त्यानं उस्ताद झाकीर हुसेन, बासरीवाले राकेश चौरसिया आणि बेसवर एडगर मायर यांच्यासोबत केलेली ‘ॲज वी स्पीक’ ही रेकॉर्ड २०२४ मध्ये दोन ग्रॅमी घेऊन गेली, मग? त्यांनी रेकॉर्ड मागून घेतली. पुढच्या गुरुवारी डब्यांच्या टेबलापाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तो तबलेवाला तर भारीच. तीनदा ऐकली. पण इथे ड्रम नाही.’

म्हणून सध्या बाहेरच्या रांगेत गिटार घेऊन बसते. जी, सी आणि डी, एवढ्या तीन कॉर्डवर निम्मी गाणी निघतात.