माहिती चौकट : जांभळ्या पेशींतील परासरण

चंडीगढच्या केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांत, एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकाच्या आधारे मुक्रर झालेला प्रयोग असा, की रिओच्या पानाची जांभळी साल काचपट्टीवर पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावी आणि नंतर तीवर साखरेचे अथवा मिठाचे तीव्र द्रावण सोडावे. क्षणार्धात पेशीतील पाणी निवडक्षम पटलातून बाहेर पडू लागते आणि जांभळा गाभा आकसून प्रथम पेशीभित्तीच्या कोपऱ्यांपासून सुटतो. हाच रससंकोच. पान आधी उकळले असल्यास तो घडत नाही, कारण पटलाची ही निवडक्षमता पेशी जिवंत असल्याचाच दाखला होय. १८८४ साली ह्यूगो डी व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने याच वनस्पतीच्या पेशी वापरून निरनिराळ्या द्रावणांच्या परासरण-सामर्थ्याची तुलना केली होती.