नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली का?

इंदूरहून एका प्रेक्षकांचा फोन आला होता. “साहेब, मधुमेहाच्या संशोधनासाठी रुग्णालय माझी फाइल मागतंय. नाव काढून टाकणार म्हणतात. मग भीती कसली?”

नाव काढणं गरजेचंच, पण ते पुरेसं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड. एवढ्यावरून तिने खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या!

आम्हा फौजींना यात नवल वाटत नाही. सुट्या सुट्या निरुपद्रवी गोष्टी जोडूनच शत्रू चित्र उभं करतो. स्ट्राव्हा या व्यायाम मोजणाऱ्या अ‍ॅपने २०१७ मध्ये जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरी ओसाड भागातल्या धावण्याच्या रेघांवरून लष्करी तळ ओळखू आले.

आपल्याकडे एका पिनकोडात हजारो माणसं राहतात, हे खरं. पण आजार दुर्मिळ असेल, तर गाव आणि वय सांगितलं की गावकरी नाव सांगतील.

यात नुकसान संशोधनाचंही आहे. फौजेत मेडिकल कॅटेगरी घसरली की बढती अडू शकते, म्हणून दुखणं लपवणारे जवान मी पाहिलेत. गोष्ट बाहेर जाईल असं वाटलं की माणूस डॉक्टरलाही अर्धवटच सांगतो. मग त्या आकड्यांवर बेतलेलं औषध कुणाला लागू पडणार?

तेव्हा सही जरूर करा, संशोधन व्हायलाच हवं. मात्र आधी विचारा: फाइल कोण पाहणार, कुठे ठेवणार, किती वर्षं, पुढे कंपनीला देणार का? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. हिंदी, गुजराती, कन्नड कळत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. नीतिशास्त्र समितीचा संपर्क त्या कागदावर असतो, तो लिहून घ्या. मधेच माघार घेता येते आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त छापून आलेल्या निष्कर्षांतून तुमचा आकडा परत काढता येत नाही, म्हणून हे प्रश्न सहीच्या आधी विचारायचे.