ह्यूमची चंद्रकोर

मँचेस्टरच्या ह्यूम भागातील कामगारांची जुनी घरे नगरपालिकेने १९६० च्या दशकात सरसकट पाडली. घरे ओलसर, कोंदट होती. त्यांच्यासाठी गळा काढण्याचे कारण नाही. पण घरांबरोबर गल्ली, दुकान, शेजार हेही गेले. ('निर्मूलन' या शब्दात माणसे कोठे जातात, ते कधीच सांगितलेले नसते.) १९७२ साली तेथे चंद्रकोरीच्या आकाराच्या चार अजस्र इमारती उभ्या राहिल्या. नावे दिली ती थोर वास्तुशिल्पज्ञांची. राहणाऱ्यांना विचारले कोणी? १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेवर घर उबदार ठेवणे गरिबांना परवडेना. भिंतींना ओल आली, झुरळे माजली. १९७४ साली एक मूल सज्ज्यावरून पडून दगावले, तेव्हा कुठे मुलाबाळांची कुटुंबे तेथून हलविण्याचे ठरले. १९९४ पर्यंत चारही इमारती जमीनदोस्त झाल्या.

१९९२ नंतरच्या पुनर्रचनेत गल्ल्या परत आल्या. 'होम्स फॉर चेंज' या सहकारी संस्थेतील रहिवासी तर स्वतःच आराखड्याला बसले. ही संधी खरी होती. मात्र पहिल्या पाडापाडीत उठविलेली माणसे तोवर विदनशॉ, हॅटर्सलीसारख्या दूरच्या वसाहतींत विखुरली होती. त्यांच्यापुढे आराखडा कोणी ठेवलाच नव्हता.