शुगरिंग की वॅक्सिंग? नावापेक्षा घटक आणि त्वचा महत्त्वाची

नवी दिल्ली : हातापायांवरील केस काढण्यासाठी वॅक्सिंग ही पद्धत देशभरातील पार्लरमध्ये रुळलेली आहे. अलीकडे तिच्या जोडीला ‘शुगरिंग’ हे नाव ऐकू येते आणि ‘नैसर्गिक’, ‘कमी वेदनादायी’ अशी त्याची जाहिरातही होते. दोन्ही पद्धतींत केस मुळापासून उपटला जातो. त्यामुळे परिणाम साधारण तीन ते सहा आठवडे टिकतो आणि वेदना कोणत्याही पद्धतीत पूर्णपणे टळत नाही. फरक आहे तो मिश्रणातील घटकांत, तापमानात आणि ओढण्याच्या दिशेत. निवड चुकल्यास भाजणे, पुरळ येणे किंवा महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग असे परिणाम भोगावे लागू शकतात.

शुगरिंग म्हणजे काय?

साखर, लिंबाचा रस आणि पाणी एवढेच याचे मूळ घटक. इजिप्तमध्ये ‘हलावा’ आणि तुर्कस्तानात ‘आग्दा’ या नावाने ही पद्धत घरोघरी परिचित आहे. थंड पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळेल इतका पाक आटवला जातो. लिंबातील आम्लामुळे पाक साखरत नाही, लवचिक राहतो. तो कोमट झाल्यावर हातानेच केसांच्या वाढीच्या विरुद्ध दिशेने पसरवून वाढीच्या दिशेने झटक्यात ओढला जातो. त्यामुळे केस मधेच तुटण्याची शक्यता कमी होते, असे मानले जाते. उरलेला चिकटपणा साध्या पाण्याने निघतो. मात्र दमट हवेत आणि घामाने हा गोळा लवकर सैल पडतो. त्यामुळे किनारपट्टीच्या शहरांत तो हाताळण्यास सराव लागतो.

वॅक्सिंगमध्ये काय असते?

मेण आणि राळ यांचे मिश्रण गरम करून केसांच्या वाढीच्या दिशेने लावले जाते आणि पट्टीच्या साहाय्याने उलट दिशेने ओढले जाते. मोठा भाग थोड्या वेळात उरकतो आणि राठ केसांवर पकड चांगली बसते. परंतु राळ हा त्वचेची ॲलर्जी निर्माण करणारा परिचित घटक आहे. वॅक्स प्रमाणाबाहेर तापल्यास त्वचा भाजते.

भारतीय बाजारात या दोहोंमधील सीमारेषा पुसट आहे. ‘हनी वॅक्स’ किंवा ‘कोल्ड वॅक्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत मुख्य घटक साखर किंवा ग्लुकोजचा पाक असतो. म्हणून डब्यावरील घटकांची यादी वाचणे श्रेयस्कर. साधी खूणही उपयोगी पडते : अवशेष पाण्याने निघत असेल तर मिश्रण साखरेचे, तेल लावावे लागत असेल तर ते मेण-राळेचे.

निवड कशी करावी?

राळेची ॲलर्जी असल्यास केवळ साखरेचे मिश्रण तुलनेने सुरक्षित ठरते. राठ केस, मोठा भाग आणि कमी वेळ असेल तर वॅक्सिंग सोयीचे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपचार सुरू असताना आणि ते संपल्यानंतर किमान सहा महिने दोन्ही पद्धती टाळाव्यात, कारण त्वचेचा वरचा थर सोलवटू शकतो. रेटिनॉलयुक्त मलम वापरणाऱ्यांनी ते काही दिवस आधी थांबवावे. उन्हाने भाजलेली किंवा जखम असलेली त्वचा, तसेच फुगलेल्या शिरांचा भाग वगळावा. मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सावळ्या त्वचेवर दाह झाल्यास तेथे काळसर डाग उमटण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे आधी छोट्या भागावर चाचणी घ्यावी, एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढू नये आणि नंतर एक-दोन दिवस कडक ऊन, घट्ट कपडे आणि सुगंधी प्रसाधने टाळावीत. केस साधारण सहा मिलिमीटर वाढलेले असावेत.

पार्लरमध्ये एकदा त्वचेला लागलेली काठी पुन्हा डब्यात बुडवली जात असेल, तर संसर्गाचा धोका संभवतो. साखरेचा गोळाही एकाच व्यक्तीपुरता वापरून टाकून द्यावा. घरी पाक करताना मुलांना दूर ठेवावे. उकळता पाक त्वचेला चिकटून खोलवर भाजतो. तसे झाल्यास त्या जागी 20 मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

हनुवटी, छाती किंवा पोटावर अचानक राठ केस वाढू लागले आणि मासिक पाळीही अनियमित असेल, तर प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. त्यामागे पीसीओएससारखे संप्रेरकांचे असंतुलन असू शकते. अशा वेळी पद्धत निवडण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे.