वर्ध्याचे आमदार चारचे तीन होतील का? मतदारसंघाच्या रेषा कोण आखतं, कशा आखतं, समजून घ्या

वर्धा : अल्लीपूरच्या माणसाला नव्या पाहुण्यानं विचारलं, "तुमचा तालुका कोणता?" तर उत्तर येतं हिंगणघाट. "आमदार कुठला?" तर देवळीचा. पाहुणा गोंधळतो, गावकरी मात्र गोंधळत नाही, कारण 2009 पासून हेच चालू आहे. सातबाऱ्याचं, रेशनचं, दाखल्याचं काम हिंगणघाट तहसीलमध्ये आणि आमदाराचं पत्र पाहिजे असलं तर तोंड देवळीकडे. पंचायत समितीच्या आमसभेत हिंगणघाटच्या आमदारासोबत देवळीच्या आमदारालाही बसावं लागतं, कारण तालुका एक आणि आमदार दोन.

हे कोणी मुद्दाम केलं नाही. गणित जुळवताना झालं. ते गणित आता पुन्हा मांडलं जाणार आहे आणि या वेळी वर्धा जिल्ह्यासाठी ते जरा कठीण आहे. म्हणून हा विषय आताच समजून घेतलेला बरा.

मागच्या वेळी काय झालं होतं?

लोकसभा आणि विधानसभेच्या हद्दी ठरवण्याच्या कामाला परिसीमन म्हणतात. त्यासाठी संसद कायदा करते आणि एक आयोग नेमते. शेवटचा कायदा 2002 चा. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्या आयोगाचे अध्यक्ष होते. 2001 ची जनगणना धरून नवे मतदारसंघ झाले, ते 2008 मध्ये लागू झाले आणि 2009 च्या निवडणुका त्यावर लढल्या गेल्या.

आपल्याकडे त्याचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे पुलगाव मतदारसंघ गेला. 2004 पर्यंत पुलगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, त्याच्या जागी देवळी आला. देवळी तालुका पूर्ण घेतला तरी लोकसंख्या पुरेना. मग वर्धा तालुक्यातली काही गावं आणि हिंगणघाट तालुक्यातला अल्लीपूरकडचा भाग त्याला जोडला. हिंगणघाट मतदारसंघात समुद्रपूर तालुका आणि उरलेला हिंगणघाट राहिला. वर्ध्याला सेलू मिळाला. आर्वी, आष्टी, कारंजा हे तीन तालुके मिळून आर्वी झाला. आठ तालुके, चार आमदार.

विदर्भाचं त्या वेळी नुकसान झालं, हे विसरून चालणार नाही. आधी विदर्भात विधानसभेच्या 66 जागा होत्या, त्या 62 झाल्या. लोकसभेच्या 11 च्या 10 झाल्या. त्याच वेळी एकट्या ठाणे जिल्ह्याच्या (तेव्हा पालघर वेगळा नव्हता) 13 जागा होत्या, त्या 24 झाल्या. राज्याच्या एकूण जागा 288 च. म्हणजे कोणाच्या वाढल्या तर कोणाच्या तरी कमी होणारच. माणसं जिकडे कामाला गेली, आमदारही तिकडेच गेला.

आता वर्ध्याचं गणित

हे गणित कोणालाही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतं.

2001 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या 9 कोटी 68 लाख 78 हजार होती. तिला 288 ने भागलं की एका आमदारामागे सुमारे 3 लाख 36 हजार लोक येतात. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 12 लाख 36 हजार. भागाकार 3.68 येतो. अर्ध्याच्या वर म्हणून चार जागा.

2011 मध्ये राज्य 11 कोटी 23 लाखांवर गेलं. एका आमदारामागे सुमारे 3 लाख 90 हजार. वर्धा जिल्हा 13 लाखांवर. भागाकार 3.33. अर्ध्याच्या खाली. म्हणजे 2011 च्या आकड्यांवर आणि 288 च जागांवर परिसीमन झालं असतं तर वर्ध्याच्या वाट्याला तीन जागा आल्या असत्या.

कारण साधं आहे. त्या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली, वर्ध्याची 5 टक्क्यांच्या थोडी वर. इथं घरं लहान झाली, पोरं पुण्याला, नागपूरला, मुंबईकडे गेली. कुटुंब लहान ठेवा म्हणून सरकारनंच सांगितलं, लोकांनी ऐकलं, आणि हिशेबात ते उलटं पडलं. दक्षिणेतली राज्यं लोकसभेच्या जागांबद्दल जी ओरड करतात ती हीच. फक्त आपल्याकडे ती राज्यांमधली नाही, जिल्ह्याजिल्ह्यांमधली आहे.

पुढचं परिसीमन 2011 वर होणार नाही, हेही खरं. राज्यघटनेच्या 84 व्या दुरुस्तीनं जागांची संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरवलेली आहे. महिलांना लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी 2023 ची घटनादुरुस्तीसुद्धा याच परिसीमनाशी बांधलेली आहे.

सभागृहातल्या जागाच वाढल्या तर वर्ध्याच्या चार टिकू शकतात. 2011 चाच वाटा धरला तर राज्यात 303 च्या आसपास जागा झाल्या की वर्ध्याचा भागाकार पुन्हा साडेतीनवर पोचतो. पण नव्या जनगणनेत जिल्ह्याचा वाटा आणखी घसरला असेल तर तेवढ्यानंही भागणार नाही.

तीन जागा झाल्या तर काय? आठ तालुके तिघांत वाटायचे. कोणता तरी तालुका फुटणार, कदाचित दोन फुटतील. आज आर्वीच्या आमदाराकडे तीन तालुके आहेत, उद्या त्यात चौथ्याचा तुकडा येऊ शकतो. कारंजाच्या टोकावरच्या गावातल्या माणसानं आमदाराला गाठायला किती एसट्या बदलायच्या, हा प्रश्न तेव्हा हसण्यावारी नेता येणार नाही. लोकसभेलाही तेच. महाराष्ट्रात सहा विधानसभा मिळून एक लोकसभा होते. वर्धा लोकसभेत आज चार मतदारसंघ आपले आणि दोन, धामणगाव रेल्वे व मोर्शी, अमरावती जिल्ह्यातले. आपले तीन झाले तर तीन बाहेरून आणावे लागतील. मग "वर्ध्याचा खासदार" हे फक्त नाव उरेल.

रेषा आखताना नकाशावर काय पाहतात

2002 च्या कायद्यात यासाठी एक कलम आहे, नववं. मतदारसंघ शक्यतो सलग आणि आटोपशीर असावा. नदी-डोंगर, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची सोय आणि लोकांची सोय पाहावी. अनुसूचित जमातीच्या जागा त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे तिथं, अनुसूचित जातीच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत द्याव्यात.

दुसऱ्या काही देशांत यात आणखी एक गोष्ट पाहतात. ज्या गावांचं जगणं एकमेकांत गुंतलेलं आहे, ज्यांचा बाजार एक, पीक एक, पाणी एक, दुखणं एक, ती गावं एकाच मतदारसंघात ठेवावीत, असं तिथं नियमात लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात हे काम पुढाऱ्यांकडून काढून 14 नागरिकांच्या आयोगाकडे दिलं आहे. लोक त्या आयोगापुढे जाऊन सांगतात, आमची वस्ती इथून इथपर्यंत आहे, ती तोडू नका. त्याच देशात 1812 साली मॅसेच्युसेट्सच्या गेरी नावाच्या गव्हर्नरनं आपल्या पक्षाच्या सोयीसाठी पालीसारखा वाकडातिकडा मतदारसंघ होऊ दिला होता. त्याच्या नावावरून या लबाडीला आजही जगभर 'जेरीमँडरिंग' म्हणतात.

आपल्या कायद्यात "लोकांची सोय" एवढंच आहे. पण त्या शब्दांत पुष्कळ काही बसवता येतं, जर कोणी बसवलं तर.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. आष्टी, कारंजा हा संत्र्याचा पट्टा. नदीपलीकडे वरूड, मोर्शी हाही संत्र्याचा. बहाराची गळ झाली की दोन्हीकडचा कास्तकार सारखाच रडतो. जिल्हे दोन आहेत, कलेक्टर दोन आहेत, पण खासदार एक. मोर्शी आपल्या लोकसभेत घालणं वरवर विचित्र दिसतं, पण संत्र्याच्या हिशेबानं ते शहाणपणाचं आहे. पुलगाव आणि धामणगावचंही तसंच, रेल्वेची लाइन एक आणि मधात वर्धा नदी. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर मोर्शी ते हिंगणघाट हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर जातं. कापूस पिकवणाऱ्या हिंगणघाटला आणि संत्रा पिकवणाऱ्या मोर्शीला एकाच खासदारानं सारखा वेळ द्यायचा, हे बोलायला सोपं आहे.

आता उलटं उदाहरण. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठची गावं. सेलू तालुक्यातली आणि कारंजा तालुक्यातली. वाघाची भीती एक, रानडुकरं आणि रोह्यांनी वावर लोळवण्याचं दुखणं एक, रात्रीच्या जागलीचं जगणं एक. पण सेलू वर्धा मतदारसंघात आणि कारंजा आर्वीत. एकाच जंगलाचा प्रश्न दोन आमदारांकडे अर्धा अर्धा जातो. त्या गावांना मिळून एक निवेदन द्यायचं असलं तर ते कोणाच्या दारात न्यायचं, हेच आधी ठरवावं लागतं.

म्हणजे तालुक्याची हद्द पाळली की सगळं बरोबर, असंही नाही. अल्लीपूरला तालुका तुटल्याचा त्रास आहे, बोरकाठच्या गावांना तालुका पाळल्याचा.

गट आणि गण : इथं आवाज लवकर पोचतो

विधानसभेचं परिसीमन पुष्कळ वर्षांनी येतं. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण मात्र निवडणुकीच्या तोंडावर बदलतात. वर्धा जिल्हा परिषदेत 52 गट आहेत. प्रत्येक गटाचे दोन गण, म्हणून 104 गण. गट तालुक्याच्या बाहेर जात नाही. गटाचे नंबर उत्तरेकडून सुरू होतात आणि दक्षिणेला संपतात.

2017 मध्ये निवडणूक झाली, 2022 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. मधल्या काळात राज्यात सदस्यसंख्या वाढवली गेली, मग सरकार बदललं आणि वाढ रद्द झाली. पुन्हा रचना झाली ती 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं 6 मे रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर. प्रारूप रचना 14 जुलैपर्यंत प्रसिद्ध करायची आणि हरकती 21 जुलैपर्यंत घ्यायच्या, असा कार्यक्रम होता. जेमतेम एक आठवडा, तोही ऐन डवरणी-निंदणाच्या दिवसांत! माणूस वावरात आणि नकाशा तहसीलच्या भिंतीवर. गावात खबर पोचेपर्यंत मुदत संपते, आणि मग चौकात "आपलं गाव तिकडे कसं गेलं?" ही चर्चा महिनाभर चालते. ही रचनाही 2011 च्याच लोकसंख्येवर झाली, म्हणजे चौदा वर्षं जुन्या आकड्यांवर.

पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं ते ध्यानात ठेवा. हरकत लेखी द्यायची असते, कारणासह. "आमच्या माणसाची सीट पडते" हे कारण चालत नाही. गाव गटाला लागून नाही, मधात नाला आहे आणि त्यावर पूल नाही, पावसाळ्यात रस्ता बंद राहतो, गट ग्रामपंचायतीतलं एक गाव इकडे आणि एक तिकडे टाकलं, अनुसूचित जाती-जमातीची सलग वस्ती फोडली, शेजारच्या गटापेक्षा लोकसंख्येत मोठा फरक आहे, ही कारणं ऐकली जातात. कारणासोबत उपायही लिहावा : आमचं गाव अमुक गणात टाका, बदल्यात तमुक गाव इकडे येऊ शकतं, लोकसंख्या अशी जुळते. नुसतं "अन्याय झाला" लिहिलेला अर्ज फाइलीत पडून राहतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन वाढतं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो, 2025 मध्ये त्यावरचा निर्णय विभागीय आयुक्तांकडे होता. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

लोकसभा-विधानसभेच्या परिसीमनात मात्र एकदा आयोगाचा अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याची ताकद असते. संसद किंवा विधानसभा त्यात एक गावही बदलू शकत नाही. आयोगासोबत राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार बसतात, पण त्यांना मत नसतं. मागच्या वेळी आयोगानं आधी प्रस्ताव प्रसिद्ध केले, लोकांच्या हरकती मागवल्या आणि जाहीर बैठका घेतल्या. बोलायची जागा तीच.

त्याआधी जनगणना

सगळ्या भागाकाराच्या मुळाशी एकच आकडा आहे, तो म्हणजे मोजलेली माणसं. घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, असं वेळापत्रक केंद्रानं ठरवलं आहे. जो माणूस जिथं राहतो तिथंच त्याची नोंद होते, त्यामुळे पुण्यात नोकरी करणारा पोरगा पुण्यातच मोजला जाईल, त्याला इथं दाखवणं चुकीचं आहे. पण कापूस वेचायला, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर थोड्या दिवसांसाठी गेलेलं कुटुंब, वावरातल्या खोपटात राहणारा जागल्या, गावाबाहेरच्या बेड्यावरची पारधी घरं, ही माणसं सुटतात. घराला कुलूप दिसलं की प्रगणक पुढे जातो. अशी घरं कोणती, हे शाळेच्या मास्तरला किंवा अंगणवाडी सेविकेला माहीत असतं आणि बहुतेक ठिकाणी प्रगणक म्हणून तेच येतात. त्यांना आधीच सांगून ठेवता येतं.