पुलाखालचे पाणी

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याजवळ कपिलधार नावाचे एक रमणीय स्थान आहे. पावसाळ्यात तेथे उंच कड्यावरून पाण्याची शुभ्र धार खाली कोसळते आणि तिच्या तुषारांनी भोवतालचा काळा खडक न्हाऊन निघतो. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचणारे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी येथेच आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस दूरदूरच्या गावांहून भाविक पायी चालत येतात आणि धारेचे दर्शन घेऊन कृतार्थ होतात.

या यात्रेकरूंना वाटेत कितीतरी ओढे आणि नद्या ओलांडाव्या लागतात. पूर्वी पुरात वाट अडली, तर पाणी उतरेपर्यंत काठावर थांबावे लागे. आता ठिकठिकाणी पूल झाले आहेत. आपण पुलावरून क्षणात पलीकडे जातो आणि खालून पाणी वाहते आहे, याची आठवणही आपणास राहत नाही. आज आपण त्या पुलाखालच्या पाण्याचाच विचार करणार आहोत.

माणसाप्रमाणे पूलही म्हातारा होतो. चुन्यातील सांधे सुटतात, लोखंड गंजते, पुराच्या पाण्याने खांबांच्या पायाखालची वाळू खरवडून निघते. अशा पुलाची उपेक्षा केली तर काय घडते, हे महाराष्ट्राने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पाहिले. रायगड जिल्ह्यातील महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातील दगडी पूल महापुरात वाहून गेला. त्याबरोबर राज्य परिवहनाच्या दोन गाड्या आणि इतर वाहनेही काळोखात नदीत पडली व अनेकांचे प्राण गेले. त्याच ठिकाणी नवा पूल झपाट्याने बांधण्यात आला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. ५ जून हा दिवस जगभर पर्यावरण दिन म्हणून पाळला जातो. जुने, जीर्ण पूल वेळेवर बदललेच पाहिजेत. त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. परंतु पूल बदलताना नदीचा जीव धोक्यात घालण्याचे मात्र काही कारण नाही.

नदीचा जीव कसा धोक्यात येतो? माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. मी ज्या गावी शिक्षक होतो, तेथे ओढ्यावरचा जुना पूल पाडून नवा बांधण्याचे काम चालू होते. उन्हाळ्याचे दिवस होते. ओढा आटला होता. केवळ एका डोहात पाणी उरले होते. गुरे तेथेच पाणी पीत, बायका तेथेच धुणे धूत. एके सकाळी दोन मुले धावत शाळेत आली आणि म्हणाली, “गुरुजी, डोहातले मासे उलटे झाले आहेत!” आम्ही जाऊन पाहिले. काठावर सिमेंट कालवण्याची यंत्रे व घमेली धुतलेली होती आणि ते राखाडी पाणी उताराने डोहात उतरले होते. पाण्यावर लहान-मोठे मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. काम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. “एवढ्याशा पाण्याने काय होते?” असेच त्यांना वाटले होते. त्या दिवसापासून गावाने गुरे डोहावर नेली नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांना दोन कोस लांब न्यावे लागले.

एवढ्याशा पाण्याने काय होते, हे आता समजून घेऊ. पाणी आम्ल आहे की अल्कली, हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ पी-एच नावाचे माप वापरतात. शुद्ध पाण्याचा पी-एच ७ असतो. त्यापुढची प्रत्येक पायरी म्हणजे अल्कलीपणा दहा पटींनी वाढणे. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असल्यामुळे ओल्या सिमेंटच्या पाण्याचा पी-एच १२ किंवा त्याहूनही अधिक असतो. म्हणजे ते शुद्ध पाण्यापेक्षा एक लाख पटींनी अधिक अल्कली असते! गवंड्याच्या हातांची कातडी सिमेंटने फाटते, हे तुम्ही पाहिले असेल. मग ज्यांच्या नाजूक कल्ल्यांतून सदैव पाणी वाहत असते, त्या माशांची काय अवस्था होत असेल?

सिमेंटपेक्षाही अधिक वेळा नदीस त्रास देते ती माती. तुम्ही म्हणाल, ‘नदीत माती असतेच की!’ खरे आहे. पण ती किती आणि केव्हा, याला महत्त्व आहे. घरी एक प्रयोग करून पाहा. काचेच्या बरणीत मूठभर शेतातील माती घाला, पाणी भरा, खूप ढवळा आणि बरणी स्थिर ठेवून द्या. वाळूचे कण पाहता पाहता तळाशी बसतील. त्यांवर बारीक गाळाचा थर हळूहळू साचेल. परंतु वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही पूर्ण निवळलेले दिसणार नाही.

असे का होते? कण जितका लहान, तितका तो सावकाश खाली जातो. एक दशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या एक दशांश जाडीच्या गाळाच्या कणास सुमारे तीन तास लागतात. त्याहूनही दहा पटींनी बारीक अशा चिकणमातीच्या कणास मात्र जवळजवळ तेरा दिवस लागतात! आपल्या मराठवाड्याची काळी माती काळ्या खडकाच्या झिजेतून झालेली, अतिशय बारीक कणांची आहे. पुलाच्या पायासाठी खोदलेली ही माती प्रवाहात पडली, की ती तेथेच बसत नाही. पाण्याबरोबर कित्येक किलोमीटर दूर जाते.

या गढूळपणामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पाणवनस्पती कोमेजतात. माशांचे कल्ले गाळाने भरतात. तळच्या खड्यांत घातलेली अंडी गाळाखाली गुदमरतात. माणसाचेही नुकसान होते. गढूळ पाणी शुद्ध करण्यास तुरटी अधिक लागते. रोगजंतू मातीच्या कणांच्या आड दडून राहतात, त्यामुळे जंतुनाशक औषधाचा परिणामही कमी होतो.

‘पण घाण तर पुढे वाहून जाते!’ असे कोणी म्हणेल. ती कोठे वाहून जाते, ते पाहू. बालाघाटच्या डोंगरात बिंदुसरा नदी उगम पावते. पालीजवळ तिला अडवून जलाशय केला आहे. तेथून ती बीड शहरातून वाहते आणि पुढे सिंदफणेस मिळते. सिंदफणेवर माजलगावचे मोठे धरण आहे. बीड शहराला पिण्याचे पाणी मिळते, त्यात या माजलगाव धरणाचा मोठा वाटा आहे. आता लक्षात आले? बीडमध्ये पुलाजवळ नदीत जे टाकावे, ते खाली धरणाकडे जाते आणि त्याच धरणाचे पाणी नळाने बीडला परत येते. आपण पुढे ढकललेली घाण फिरून आपल्याच घागरीकडे येऊ पाहते.

मग पूल बांधावेतच नाहीत काय? छे! ते बांधावेत, मात्र काळजीपूर्वक बांधावेत. कुशल अभियंता ही काळजी कशी घेतो, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट काळाची निवड. नदीपात्रातील पायाचे काम पावसाळा संपल्यावर हाती घ्यावे आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी आटोपावे. पहिल्या पावसात नद्यांना नवे पाणी येते, तेव्हा मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांनाच आपण ‘चढणीचे मासे’ म्हणतो. त्या वेळी त्यांची वाट मोकळी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट पाणी आणि काम वेगळे ठेवण्याची. खांबाच्या जागेभोवती वाळूच्या पोत्यांचा अथवा पोलादी पत्र्यांचा बांध घालतात. बाहेरून स्वच्छ पाणी वाहत राहते आणि आत कोरड्यात काम चालते. आत झिरपलेले गढूळ पाणी पंपाने उपसावे लागते. ते सरळ नदीत न सोडता काठावरच्या खड्ड्यात साठवून निवळू देतात. पाणी खोल असेल, तर कामाभोवती जाड कापडाचा पडदा सोडतात. त्याच्या वरच्या कडेस तरंगणारे गोळे आणि खालच्या कडेस वजने असतात. गाळ त्या पडद्याच्या आतच राहतो.

तिसरी गोष्ट जुना पूल उतरविण्याची. तो घणाचे घाव घालून नदीत पाडणे सोपे वाटते, पण ते योग्य नव्हे. त्याचे भाग सुटे करून यारीने उचलावेत आणि खाली फळ्या किंवा जाळी बांधून पडणारे तुकडे झेलावेत. जुन्या लोखंडी पुलांच्या रंगात शिसे हे विषारी द्रव्य असू शकते. म्हणून त्या रंगाच्या खपल्यासुद्धा गोळा कराव्या लागतात.

चौथी गोष्ट सिमेंट आणि तेलाची. यंत्रे धुण्यासाठी नदीपासून दूर खड्डा खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरतात. त्यात साचलेले सिमेंट वाळून घट्ट झाले, की ते उचलून नेता येते. यंत्रांत तेल भरण्याचे कामही काठापासून दूर करावे.

पाचवी गोष्ट निघून जाण्याची, आणि हिचाच विसर अधिक पडतो. काम चालू असताना वाहनांसाठी नदीपात्रात सिमेंटच्या नळ्या टाकून वर मातीचा भराव घालतात आणि वळणरस्ता करतात. हा भराव पावसाळ्यापूर्वी काढला नाही, तर पहिल्याच पुरात सारी माती नदीत जाते. जुन्या पुलाचा राडारोडा पात्रात राहिला, तर पुराची वाट अरुंद होते. १९८९ साली बिंदुसरेच्या महापुराने बीड शहरात मोठी हानी केली, हे तेथील वडीलधाऱ्यांना अजून आठवते. नदीची वाट अडविणे म्हणजे अशा संकटास हात देणे होय. शेवटी खणलेल्या काठांवर हरळी किंवा वाळा यांसारखे गवत लावावे. त्याची मुळे माती धरून ठेवतात.

आपल्या दुष्काळी प्रदेशात आणखी एक चूक सहज होते. उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसते, म्हणून ‘येथे पाणीच नाही, मग बिघडणार काय?’ असे वाटते. पण कोरड्या पात्रात टाकलेले सिमेंट, तेल आणि माती मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहत असतात. शिवाय त्या वाळूखालूनही पाणी झिरपत असते आणि काठच्या विहिरींना मिळत असते. आटलेली नदी ही मेलेली नदी नव्हे.

या बाबतीत आपल्या देशात कायदाही आहे. जलप्रदूषण रोखण्यासाठी १९७४ साली संसदेने अधिनियम केला. नदी-ओढ्यांत घातक पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास त्याने मनाई केली आहे. ज्यास तसा अधिकार आहे त्याने नदीवर पूल बांधणे हा त्या अधिनियमाने गुन्हा ठरत नाही. म्हणजे कायद्यासही पूल हवा आहे आणि स्वच्छ पाणीही हवे आहे.

हे सारे नीट चालले आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तुमच्या गावाजवळ असे काम चालू असेल, तर शिक्षकांना किंवा वडील माणसांना बरोबर घ्या. यंत्रांजवळ किंवा खोल पाण्यात जाऊ नका. दोन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. एकीत पुलाच्या वरच्या बाजूचे आणि दुसरीत खालच्या बाजूचे पाणी भरा. दोन्ही बाटल्या उजेडात शेजारी शेजारी धरा. दोन्हींतील पाणी सारखे दिसले, तर समाधान माना. खालचे पाणी गढूळ दिसले, तर तेथील अभियंत्यास किंवा ग्रामपंचायतीस नम्रपणे त्या बाटल्या दाखवा. सिमेंटचा अल्कलीपणा मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतील तांबडा लिटमस कागद बुडवून पाहा. वरच्या पाण्यात तो तांबडा राहिला आणि खालच्या पाण्यात निळा झाला, तर काय समजावे, हे आता तुम्हांस सांगावयास नको.

कार्तिकात कपिलधारेकडे निघालेले यात्रेकरू पूल ओलांडून पुढे जातात. पुलाखालचे पाणीही त्याच वेळी आपल्या वाटेने निघालेले असते. पुढच्या गावी कोणी त्यात घागर बुडविणार असते, कोणाची गाय त्याला तोंड लावणार असते. पूल बांधणाऱ्याने ते पाणी जसे आले तसे पुढे जाऊ दिले, तर त्याचे काम दोन्ही वाटसरूंच्या उपयोगी पडले, असे म्हणता येईल.